पोर्तुगालचा राजा 1578 ला मेलाच नसता तर? जर-तरचा इतिहास नीट कसा लिहायचा

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो आणि मला ते कधीच पटलं नाही. एखादी घटना किती महत्त्वाची होती हे कळायचं असेल तर ती काढून टाकली की मागे काय उरतं हे बघावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. पण हे बघायची एक रीत आहे. रीत नसली की मग “स्पेनचं आरमार जिंकलं असतं तर आज अख्खं जग स्पॅनिश बोललं असतं” असल्या पोस्ट तयार होतात, लाइक्स मिळतात, आणि वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

इथे मी एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जातोय, पोर्तुगालचा राजा सेबॅस्टियन. युरोपातल्या राजघराण्यांबद्दल लिहायचं तर लोक लगेच इंग्लंडचा आठवा हेन्री नाहीतर फ्रान्सचा चौदावा लुई काढतात. पण सेबॅस्टियनच्या एका निर्णयाचे धक्के ब्राझील, अंगोला, मलाक्का आणि आपल्या वसई-चौल-मुंबईपर्यंत आले, आणि तरी मराठीत त्याच्यावर जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी खरं काय झालं ते लिहून काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. खऱ्या घटना तारखांसकट एका कागदावर हव्यात, नाहीतर आपण नक्की काय बदलतोय हेच कळत नाही.

सेबॅस्टियन जन्मला 20 जानेवारी 1554 ला, त्याचा बाप त्याआधी अठरा दिवस वारलेला. तिसऱ्या वर्षी, 1557 ला, आजोबा गेले आणि पोरगं गादीवर आलं. आधी आजी कॅथरिन आणि मग चुलत आजोबा कार्डिनल एन्रिक यांनी कारभार बघितला, 1568 ला त्याने स्वतः सूत्रं घेतली. डोक्यात एकच, मोरोक्कोवर स्वारी. तिथला पदच्युत सुलतान मुतवक्किल मदत मागत होता, तेवढं निमित्त पुरलं. उन्हाळ्यात सैन्य उतरलं, किनारा सोडून आत गेलं, आणि 4 ऑगस्ट 1578 ला अल्कासर किबीरला सगळं संपलं. त्या एका दिवसात तीन राजे गेले: सेबॅस्टियन, मुतवक्किल, आणि विरुद्ध बाजूचा सुलतान अब्द अल-मलिक, जो आधीच मरणाच्या दारात होता आणि लढाई चालू असतानाच गेला, फक्त त्याच्या माणसांनी ते सैन्याला कळू दिलं नाही. पोर्तुगालचे बहुतेक सरदार एकतर मेले नाहीतर कैदेत, आणि त्यांना सोडवायच्या खंडणीत घरंच्या घरं धुऊन निघाली.

सेबॅस्टियनचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे गादी गेली साठी ओलांडलेल्या कार्डिनल एन्रिककडे, तो धर्मगुरू, त्याने लग्नासाठी पोपकडे परवानगी मागितली तीही मिळाली नाही, आणि 31 जानेवारी 1580 ला तो वारला. मग स्पेनचा दुसरा फिलिप पुढे आला, त्याची आई पोर्तुगालची राजकन्या होती. त्याचा सेनापती ड्यूक ऑफ अल्बाने 25 ऑगस्ट 1580 ला लिस्बनजवळ अल्कांताराची लढाई मारली, आणि 1581 ला तोमारच्या सभेत फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला, तुमचे कायदे, तुमचे अधिकारी, तुमचं साम्राज्य वेगळंच राहील असं वचन देऊन. ही जोडगादी चालली 1 डिसेंबर 1640 पर्यंत, म्हणजे साठ वर्षं.

फाटा निवडा, आणि छोटाच निवडा

जिथून आपला इतिहास खऱ्या इतिहासापासून वेगळा व्हायला लागतो त्या जागेला मी फाटा म्हणतो. नियम सोपा आहे, फाटा जितका छोटा तितकी गोष्ट मजबूत. “पोर्तुगालने मोरोक्को जिंकला” हा फाटा होत नाही, तो निकाल झाला. सेबॅस्टियनने मोहीम एक वर्ष पुढे ढकलली, हा फाटा.

आणि तो कागदात सापडला पाहिजे, म्हणजे त्या काळच्या लोकांसमोर तो पर्याय खरोखर असला पाहिजे. इथे तर तो तयारच आहे! 1576 च्या डिसेंबरात सेबॅस्टियन मामाला, म्हणजे फिलिपला, भेटायला स्पेनमधल्या ग्वादालूपच्या मठात गेला. फिलिपने त्याला स्वतः मोरोक्कोत जाऊ नकोस म्हणून समजावलं आणि मदत द्यायची तर अटी घातल्या. जायचंच तर किनाऱ्यावरच्या लाराशपुरतं जा, लवकर जा, आणि मुलगी देण्याचंही बोलणं झालं. म्हणजे एका खोलीत दोन राजे बसलेत, थोरला धाकट्याला आवरतोय. इथे सेबॅस्टियनने एवढंच म्हणावं की बरं, स्वतः जात नाही, सेनापती पाठवतो. कुणी मेलं नाही, कुठलं वादळ आलं नाही, कुणी नवं शस्त्र शोधलं नाही. असा फाटा वाचणारा लगेच मान्य करतो.

दुसराही आहे, सैन्याने किनारा सोडलाच नाही आणि समुद्राच्या कडेने लाराशला गेलं. तोही चालेल, पण मग लढाईची बाजू नीट यायला हवी, रसद, ऑगस्टचं ऊन, तोफा, सगळं. ज्याला युद्धात रस आहे त्याने तो घ्यावा, मला ग्वादालूपचाच जास्त आवडतो.

वंशावळ काढल्याशिवाय एक ओळही पुढे लिहू नका

त्या काळातली राज्यं म्हणजे घराण्याची इस्टेट होती. कोण कुणाशी लग्न करतं आणि कुणाला पोर होतं यावर देश एकत्र येत होते नाहीतर तुटत होते. म्हणून सेबॅस्टियन जगला एवढ्याने काम भागत नाही, त्याला वारस हवा. तो तीस वर्षं जगला आणि बिनलग्नाचा गेला तर 1580 चा प्रश्न फक्त पुढे सरकतो.

आता त्याचं लग्न कुणाशी? खऱ्या इतिहासात फ्रान्सच्या मार्गरिटचं नाव चाललेलं, ती 1572 ला नव्हारच्या हेन्रीला दिली. मग राहते फिलिपची मुलगी, समजा थोरली इसाबेला, जन्म 1566. ती त्याची सख्खी मामेबहीण. आणि त्या घराण्यात हे आधीच इतकं झालेलं की सेबॅस्टियनला आठच्या जागी चारच पणजोबा-पणज्या होत्या, कारण एका बाजूचे आजोबा आणि दुसऱ्या बाजूची आजी हे सख्खे बहीण-भाऊ, आणि हे दोन्ही जोड्यांत. तेव्हा पोर होईल का, झालं तर जगेल का, हा प्रश्न तुमच्या गोष्टीत दिसला पाहिजे.

आणि इथे खरी गंमत आहे. फिलिपची पोरं एकामागोमाग एक जात होती, थोरला राहिलेला दिएगो 1582 ला वारला आणि मागे उरला एप्रिल 1578 चा धाकटा फिलिप. ते पोरगं समजा लहानपणी गेलं तर स्पेनचा हक्क इसाबेलाकडे, आणि तिचा नवरा कोण तर पोर्तुगालचा राजा! म्हणजे जी जोडगादी टाळायला आपण फाटा घेतला ती उलट्या बाजूने परत येऊ शकते, फक्त यावेळी लिस्बनच्या माणसाच्या हातून. वंशावळ काढली नाही तर हे दिसतच नाही. मी पुढे धाकटा फिलिप जगला असंच धरलंय, कारण खऱ्या इतिहासात तो जगला, आणि एका फाट्यावर दुसरा फाटा लादायचा नाही हा माझा नियम आहे.

एक शीट बनवा

साधी गूगल शीट, तीन कॉलम: वर्ष, खरं काय झालं, आणि हे जोडगादीमुळे झालं का? तिसऱ्या कॉलममध्ये हो, नाही, किंवा अर्धं. लिहिण्याचं निम्मं काम इथेच होतं म्हणून काही ओळी सविस्तर करून दाखवतो.

1592, इंग्रजांनी अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांजवळ मद्रे दे देउस नावाचं पूर्वेकडून मालाने भरून आलेलं अवाढव्य पोर्तुगीज जहाज पकडलं आणि लंडनचे डोळे दिपले. जोडगादीमुळे? हो. इंग्लंड आणि पोर्तुगाल हे चौदाव्या शतकापासूनचे दोस्त, 1386 चा विंडसरचा तह आहे. इंग्रजांचं भांडण फिलिपशी होतं आणि पोर्तुगाल त्याच्या पदरात होता म्हणून जहाज शत्रूचं ठरलं.

1594, चौलसमोर रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. जोडगादीमुळे? नाही. हे स्थानिक भांडण होतं, 1570-71 ला निजामशहाने चौलला आणि आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता तेव्हापासूनचं. माद्रिदमध्ये कोण बसलंय याचा इथे काही संबंध नाही.

1602, डच ईस्ट इंडिया कंपनी. अर्धं. आणि या अर्ध्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. डच व्यापारी लिस्बनहून मसाले आणि सेतुबालहून हेरिंग खारवायला मीठ नेत होते, त्यांचं सुखात चाललं होतं. फिलिप पोर्तुगालचा राजा झाल्यावर 1585 पासून अधूनमधून त्यांची जहाजं जप्त व्हायला लागली, बंदरं बंद व्हायला लागली, मग माल आणायचा तर स्वतः जाऊन आणा. त्यात यान हौखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 ला गोव्यात आर्चबिशपकडे नोकरीला येऊन बसला होता, त्याने परत जाऊन 1596 मध्ये वाटा, वारे, बंदरं, सगळं छापून टाकलं. जोडगादी नसती तर डच आलेच नसते असं मी म्हणणार नाही. मिरीचा नफा दिसत होता, जहाजं त्यांच्याकडे होती, अँटवर्प 1585 ला स्पेनने घेतल्यावर तिथला पैसा आणि माणसं उत्तरेला, म्हणजे डचांकडे, आलेली. माझा अंदाज, आले असते पण दहा-पंधरा वर्षं उशिरा, आणि पोर्तुगीज किल्ल्यांवर तुटून पडण्याऐवजी आधी जावा-सुमात्राकडे, जिथे पोर्तुगीजांचं तसंही फारसं चालत नव्हतं.

1622, इराणच्या आखाताच्या तोंडावरचं ओर्मुझ पोर्तुगीजांच्या हातून गेलं. अर्धं. इराणच्या शाह अब्बासला ते हवंच होतं, पण त्याच्याकडे आरमार नव्हतं, ते इंग्रजांनी दिलं. इंग्रज दोस्त राहिले असते तर?

1624 ला डचांनी ब्राझीलमधलं बाहिया घेतलं, पुढच्या वर्षी सोडावं लागलं, मग 1630 पासून पेर्नांबुको, तिथे ते 1654 पर्यंत टिकले. हो, बहुतांशी. स्पेनशी युद्ध होतं म्हणून ब्राझीलची साखर निशाण्यावर आली.

1639, जपानने पोर्तुगीजांना हाकललं. नाही. ते शोगुनांचं मिशनऱ्यांशी भांडण होतं.

1661, मुंबई. हो, शंभर टक्के. यावर शेवटी बोलतो.

अशा पंचवीस-तीस ओळी झाल्या की “हो” वाल्या वेगळ्या काढा. तुमची गोष्ट त्यातच आहे, “नाही” वाल्या जशाच्या तशा येणार. नवीन माणूस नेमकी इथे चूक करतो, त्याला वाटतं फाटा घेतला म्हणजे सगळंच बदललं पाहिजे. अकबराने गुजरात 1573 पर्यंत घेतलेला आहे, मुघल दख्खनमध्ये येणार म्हणजे येणार. 1565 च्या तालिकोटनंतर विजयनगरच्या बाजारावर जगणारा गोव्याचा धंदा बसलाय, तो फाट्याच्या आधीच बसलाय. पावसाळ्यात बंदरं बंद राहणार. यातलं काहीही लिस्बनच्या राजाच्या हातात नाही.

बातमी पोचायला किती दिवस लागतात ते मोजा

लिस्बनची जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागायची, वारा तसाच होता. परतीची डिसेंबर-जानेवारीत निघायची आणि पुढच्या उन्हाळ्यात पोचायची. म्हणजे राजाने पत्र लिहिलं आणि उत्तर हातात आलं यात दीड वर्ष सहज गेलं. 4 ऑगस्ट 1578 चीच बातमी जहाजाने यायची म्हटली तर त्या वर्षीची जहाजं आधीच गेलेली, पुढची मार्च 1579 ला निघणार, म्हणजे गोव्यात कळायला सप्टेंबर 1579. खुष्कीने अलेप्पो-ओर्मुझकडून आधी कळू शकतं, पण शिक्क्याचं पत्र जहाजानेच.

म्हणून टाइमलाइनमध्ये “राजाने हुकूम दिला आणि वसईच्या कप्तानाने हल्ला केला” असं एकाच वर्षात दिसलं की मी वाचणं थांबवतो. मधल्या दीड वर्षात व्हाइसरॉयच राजा असायचा. म्हणून गोव्यात तेव्हा कोण बसलंय ते बघा. लुईस दे अताइदे, ज्याने 1570-71 चे वेढे परतवले तोच माणूस, 1578 ला दुसऱ्यांदा व्हाइसरॉय होऊन आलेला. म्हणजे आपल्या टाइमलाइनची पहिली तीन वर्षं कोकणात काहीही वेगळं दिसणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहायचं. त्याने विश्वास वाढतो.

पैसा

यावर थोडक्यात. पोर्तुगाल दहा-पंधरा लाख लोकांचा देश, किल्ले मात्र ब्राझीलपासून मकावपर्यंत. मोहीम टळली तर खंडणी वाचते, सरदार वाचतात, पण तिजोरी 1578 च्या आधीपासूनच कर्जात होती. दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींची चांदी असूनही स्पेनने 1575 आणि 1596 ला देणी थांबवली. तेव्हा कुठल्याही राजाला हवं तेव्हा शंभर जहाजं बांधू देऊ नका. दर वेळी विचारा, पैसे कुणी दिले, कशावर, आणि त्याला बदल्यात काय मिळालं.

वसाहतीतली माणसं नकाशावरचे रंग नाहीत

हा भाग मला सगळ्यात जवळचा. बहुतेक टाइमलाइन्समध्ये राजे बोलतात आणि वसाहती हातोहात फिरतात. पण सेबॅस्टियन वाचला म्हणून कुणाचं भलं झालं हे विचारायला हवं. अंगोलातलं लुआंडा 1576 च्या सुमारास त्याच्याच काळात वसलं, आणि ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांना माणसं लागत होती. डच हल्ले झाले नाहीत तर साखर जास्त पिकते, म्हणजे अंगोलातून पकडून नेलेले गुलाम कदाचित खऱ्या इतिहासापेक्षाही जास्त. राजाची टाइमलाइन सुखाची आणि त्यांची आणखी वाईट, हे तुमच्या लिखाणात आलंच पाहिजे.

तसंच गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ला सुरू झालेलं, ते सेबॅस्टियन थांबवणार नाही, तो स्वतः कट्टर धार्मिक होता. शेणवी-सारस्वत व्यापारी, वसईचे कोळी, भंडारी, नव्याने बाटवलेली गावं, चौलचे मुसलमान व्यापारी, कार्ताझ म्हणजे पोर्तुगीजांचा परवाना विकत घेतल्याशिवाय ज्यांना समुद्रात जहाज घालता येत नव्हतं, या सगळ्यांचं काय होतं त्यावर निदान एकेक परिच्छेद लिहा. डच-इंग्रज उशिरा आले म्हणजे या व्यापाऱ्यांना दोन गिऱ्हाइकं एकमेकांविरुद्ध खेळवायची संधीही उशिरा मिळाली. हा मुद्दा मला इंग्रजी लिखाणात फार क्वचित दिसतो, आणि तो आपणच मांडायला हवा.

लोकांच्या मनाचंही बघा. खऱ्या इतिहासात राजा मेला हे पोर्तुगालच्या जनतेने मानलंच नाही, तो परत येणार म्हणून पिढ्यानपिढ्या वाट बघितली, आणि चार तोतये उभे राहिले, त्यातला एक तर स्पेनमधल्या माद्रिगालचा मिठाईवाला. आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला, अगदी तसंच. आपल्या टाइमलाइनमध्ये राजा घरीच म्हातारा होतो, मग ती सगळी आस, ती भविष्यं, काहीच नाही. हेही नुकसान म्हणून लिहा, नुसत्या किल्ल्यांचे हिशोब देऊ नका.

नावं किती पुढे न्यायची

फाट्यानंतर जन्मलेली माणसं तीच राहतील का, यावर लोक तावातावाने भांडतात. कडक नियम असा की आई-बापाच्या भेटीची वेळ जराशी बदलली तरी दुसरंच मूल जन्माला येतं. मी मधला रस्ता घेतो. युरोपच्या राजघराण्यांत फाट्यानंतर जन्मलेलं कुणीही, वर धरलेला धाकटा फिलिप सोडून, जसंच्या तसं घ्यायचं नाही. दख्खनमध्ये धक्का उशिरा आणि बारीक पोचतो, म्हणून तिथली माणसं पुढची पन्नास-साठ वर्षं तशीच धरायची, मलिक अंबरही आणि शहाजीराजेही. 1630 ला शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मतात हे मी गृहीत धरतो आणि सुरुवातीलाच तसं सांगून टाकतो. गृहीत उघड सांगितलं की वाचणारा वाद घालत नाही, लपवलं की घालतो.

आता लिहायला बसा, आणि मुंबईपर्यंत न्या

वर्षावार लिहा, एका नोंदीला चार-पाच ओळी, मध्येच एखादं पत्र, एखादा हिशोब किंवा बंदरातला प्रसंग, आणि काल्पनिक मजकूर कुठे सुरू होतो ते ठळक दाखवा, नाहीतर कुणीतरी तो खरा म्हणून फॉरवर्ड करतं.

मुंबईचं असं. 1640 ला पोर्तुगालच्याच ब्रागांझा घराण्याने स्पेनपासून सुटका करून घेतली, पण स्पेन मानायला तयार नव्हता, 1668 पर्यंत युद्ध चाललं, त्यामुळे पोर्तुगालला इंग्लंडचा आधार हवा होता. म्हणून 1661 च्या करारात राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, आणि हुंड्यात मोरोक्कोतलं टँजियर बंदर, मुंबई आणि भरपूर रोकड. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो ए कास्त्रो टाळाटाळ करत राहिला, बेट फेब्रुवारी 1665 ला ताब्यात दिलं, आणि 1668 ला चार्ल्सने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

आपल्या टाइमलाइनमध्ये जोडगादी नाही, म्हणून सुटका नाही, म्हणून तो हुंडाही नाही. मुंबई वसईच्या अमलाखालचं एक दुय्यम बेट राहते. इंग्रज सुरतेत आहेत, त्यांना किल्ला बांधता येईल अशी स्वतःची जागा हवीच आहे, मग ते कुठे बघतील? दंडा-राजपुरीवर सिद्दी आहे. माझा कल कारवार-राजापूरकडे जातो, कारण खऱ्या इतिहासातही त्यांच्या वखारी तिथे होत्या, आणि मग इंग्रज सुरुवातीपासून थेट मराठ्यांच्या अंगणात येतात. दुसरीकडे, 1737 ला साष्टी आणि 1739 ला वसई मराठ्यांनी घेतली तशी मोहीम या टाइमलाइनमध्येही झाली, तर मुंबई त्याच झपाट्यात मराठ्यांकडे येते, सात बेटांच्या त्या बंदरासकट. पण ते घडवायचं असेल तर आधी दाखवावं लागेल की पोर्तुगीज आरमार तोवर तितकंच दुबळं झालंय, आणि डच-इंग्रजांनी ते खऱ्या इतिहासाइतकं झोडपलेलं नसताना ते दुबळं कसं झालं, याचं उत्तर शीटमध्ये आधी भरा आणि मगच 1739 ची नोंद लिहायला घ्या.